कपाटातला की खांद्यावरचा

आमच्या चाळीत कॅमेरे तीन होते आणि कॅमेऱ्याविषयी मतं असणारी माणसं तीन मजले भरून. तळमजल्यावरच्या मास्तरांकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. सहलीच्या पिशवीत सगळ्यांत आधी पडायचा तो. आमच्या आजोबांकडे भात्याचा, घडीचा कॅमेरा होता. आणि तिसरा भाऊकाकाचा याशिका इलेक्ट्रो ३५, ज्याच्यावरून आमच्या घरात वर्षानुवर्षं वाद चालला. वाद साधा होता. आजोबांचं म्हणणं, वस्तू महागाची आहे, कपाटात ठेवावी, मुंजीला-लग्नाला काढावी, पुसून परत ठेवावी. भाऊकाकाचं म्हणणं, कॅमेरा खांद्यावर असला तर कॅमेरा, कपाटात असला तर डबा. आजी म्हणायची, आधी जेवून घ्या.

आजोबांच्या कपाटप्रेमाला कारण होतं. त्यांच्या भात्याच्या कॅमेऱ्याने फोटो काढणं हा समारंभच असे. त्यात अंतर आपण ठरवायचं. भिंगाच्या कडेला फुटांचे आकडे कोरलेले, माणूस किती फुटांवर उभा आहे ते आपण सांगायचं आणि कॅमेऱ्याने निमूट ऐकायचं. आजोबांचा अंदाजपंचे कारभारावर विश्वास नव्हता. शिवणाच्या डब्यातली टेप निघायची. एक टोक आजीच्या पदराशी, दुसरं आजोबांच्या नाकाशी, मधल्या पोटाला आमच्यापैकी कोणीतरी. आकडा जुळवून होईपर्यंत ऊन सरकलेलं असे, धाकट्याला शू लागलेली असे आणि आजीच्या चेहऱ्यावरचं हसू कधीच आत गेलेलं असे. आमच्या अल्बममधली सगळी मोठी माणसं इतकी गंभीर का, असं हल्लीची मुलं विचारतात. टेपमुळे.

भाऊकाकाच्या याशिकाला टेप लागत नव्हती. त्याच्या बोटीवरच्या मित्राने तो जपानहून आणला. हा कॅमेरा १९६६ साली बाजारात आला, आमच्याकडे पोचायला अर्थातच त्याला आणखी काही पावसाळे लागले. कातडी केस, केसला आतून लाल मखमल, मखमलीला नवेपणाचा वास. आणि डोळा लावला की मध्यावर एक पिवळसर चौकोन. त्या चौकोनात माणूस दुहेरी दिसायचा. दोन नाकं, दोन चष्मे, दोन कुंकवं. भिंगाची कडी फिरवत जायची. दोघं एकमेकांकडे सरकत सरकत एकावर एक बसले की अंतर बरोबर. पुढून पाहिलं तर कॅमेऱ्याला दोन खिडक्या. एकीतून आपण सरळ बघतो, दुसरीतून आलेलं दृश्य आतला इवलासा आरसा मध्यावर टाकतो, आणि भिंग पुढेमागे झालं की तो आरसा वळतो. रेंजफाइंडर म्हणतात तो हाच. एवढीच करामत, पण चाळीला तिचं कोण अप्रूप! पोरं ओळीने एक डोळा मिटून उभी राहायची. फोटो काढायला भाऊकाका वाकला की गॅलरीतून कोणीतरी ओरडायचं, "झालं का रे दोनाचं एक?" लग्नात तर हमखास. दोनाचे चार होत असताना हा आपला दोनाचं एक करत बसलाय, हा विनोद आमच्या घरातल्या प्रत्येक मांडवात झाला आणि प्रत्येक मांडवात त्याला तेवढंच हसलं गेलं.

दुसरी हाळी होती, "टोपण काढलं का?" या कॅमेऱ्यात आपण भिंगातून बघतच नाही, वरच्या खिडकीतून बघतो. भिंगावर टोपण तसंच राहिलं तरी सगळं लख्ख दिसतं. फोटो काढणाऱ्याला दिसतं, रोलला दिसत नाही. एका गणपतीचा अख्खा रोल असा अंधारात गेला, तेव्हापासून फोटोला उभं राहणाऱ्यांनी आधी टोपण तपासायचं आणि मग हसायचं, असा नियम झाला. तिसरी भानगड डोक्यांची. खिडकी वर, भिंग खाली. लांबच्या माणसाला फरक पडत नाही, पण जवळच्या माणसाचं डोकं उडतं. आजी कायम जवळ येऊन उभी राही. त्यामुळे आमच्याकडे आजीचे पदर, आजीचे हात, आजीच्या पाटल्या यांचे उत्तम फोटो आहेत.

आता इतक्या खोडी असलेला कॅमेरा भाऊकाकाने का मिरवावा? कारण त्याची 'मंडळी'. भाऊकाकाला रद्दीचं वेड होतं. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर 'लाइफ'चे जुने अंक मिळायचे, 'इलस्ट्रेटेड वीकली'चे गठ्ठे मिळायचे. तो ते आणायचा, फोटो कापायचा आणि आजोबांच्या एका जुन्या खतावणीत खळीने चिकटवायचा. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च, आणि वर कोणी फ्रेंच, कोणी हंगेरियन, कोणी क्यूबन. प्रत्येक फोटोखाली काढणाऱ्याचं नाव आणि त्याच्या हातातल्या कॅमेऱ्याचं नाव. लायका, कॉन्टॅक्स, लायका, लायका. हे सगळे आपल्या याशिकाच्या जातकुळीतले, असं तो आम्हाला ठसवून सांगायचा. जात एकच, ऐपत वेगळी. जेवताना या मंडळींचा विषय निघायचा तो नातेवाइकांचा निघावा तसा. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे नाव आजीला शेवटपर्यंत पेललं नाही. ती त्यांना कात्रे म्हणायची. कोकणातलेच कोणी असावेत अशा समजुतीने विचारायची, "कात्रे सध्या कुठे असतात?"

मूळपुरुष मात्र फ्रेंच नव्हे, जर्मन. ऑस्कर बार्नाक. व्हेट्झ्लार गावच्या लाइट्झ कारखान्यात हे गृहस्थ कामाला, दम्याचा त्रास, काचेच्या प्लेटांचे जड कॅमेरे डोंगरावर वाहून न्यायचे म्हणजे जिवावर यायचं. त्यांनी सिनेमाची फिल्म घेतली, आडवी चालवली, सिनेमाच्या चौकटीची दुप्पट चौकट केली, २४ बाय ३६ मिलिमीटर, आणि खिशात मावेल असा एक कॅमेरा पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर घरगुती गरजेपोटी करून टाकला. १९२५ साली लाइपझिगच्या वसंत जत्रेत तो लायका म्हणून लोकांपुढे आला. गंमत अशी की त्या पहिल्या लायकाला दोनाचं एक करणारी खिडकी नव्हतीच. तिथेही आमच्या आजोबांसारखाच अंदाज. ती सोय १९३२ च्या दुसऱ्या लायकाला आली, आणि बघायची खिडकी व जुळवायची खिडकी एकच झाली ती १९५४ च्या एम थ्रीला. पण आम्हाला बार्नाकसाहेब जवळचे वाटायचे ते सिनेमाच्या फिल्ममुळे. मुंबई ही सिनेमाची नगरी. स्टुडिओत शूटिंग संपलं की रिळाच्या शेवटी न वापरलेली फिल्म उरायची, तिला तुकडे म्हणत. ते तुकडे कोणाकोणाच्या हस्ते बाजारात यायचे. भाऊकाका ते घ्यायचा आणि रजईखाली हात घालून, अंधारात चाचपडत, जुन्या रिकाम्या डब्यांत भरायचा. रजईच्या आत भाऊकाकाचे दोन हात आणि बाहेर मुंबईच्या मे महिन्यात घामाने थबथबलेला उरलेला भाऊकाका. बार्नाकने सिनेमाची फिल्म फोटोला लावली ती अशी गिरगावात आमच्या रजईत येऊन पोचली.

सिनेमाचे तुकडे मिळाले नाहीत तर पूर्व जर्मनीची ओर्वो, नाहीतर आपल्या ऊटीच्या कारखान्याची 'इंदू'. रोल छत्तीसचा, पण हुशारीने चढवला तर सदतीस निघायचे आणि भाऊकाकाचा हात बसला तेव्हा अडतीस. या वरच्या दोन फोटोंचा त्याला जो आनंद होई तो आधीच्या छत्तिसांचा होत नसे. त्याने एकदा जेवताना रॉबर्ट फ्रँक यांची गोष्ट सांगितली. मूळचे स्विस, १९५५-५६ मध्ये लायका घेऊन जुन्या गाडीतून सगळी अमेरिका पालथी घातली, साडेसातशेहून जास्त रोल वापरले, सत्तावीस हजारांच्या वर फोटो काढले आणि पुस्तकात घेतले त्र्याऐंशी. पानावर क्षणभर शांतता झाली. मग आजोबा म्हणाले, "बाकीच्यांचे पैसे कोणी दिले?" गुगेनहाइम फाउंडेशनने, हे भाऊकाकाला ठाऊक होतं. "आपल्याकडे ते फाउंडेशन नाही," असं म्हणून आजोबांनी भातावर ताक ओतलं.

आत्याचं काम यापुढचं. भाऊकाका फोटो काढायचा, रोल धुवायची आत्या. जागा मोरी. बारक्या खिडकीला काळं कापड, फोटो छापताना बल्बला लाल कागद, डेव्हलपरला एक तसराळं, हायपोला दुसरं, साध्या पाण्याला भाकरीची परात, आणि ती परात परत भाकरीला वापरायची नाही म्हणून तिच्या काठाला बांधलेली लाल चिंधी. डेव्हलपर वीस अंशांवर हवा. आमच्या नळाला तसलं थंड पाणी माघातसुद्धा यायचं नाही. म्हणून बर्फ आणायचा, रोल धुवायच्या टाकीभोवती रचायचा, थर्मामीटर लावायचा, तो तापाचाच. (तापाचं थर्मामीटर पस्तिसाच्या खाली काही सांगत नाही हे आत्याला कळलं तेव्हा तिने हाताच्या कोपरावर भिस्त ठेवली, बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तशी.) उरलेला बर्फ आमचा. धुतलेला रोल वलणीवर, खालच्या टोकाला कपड्याचा चिमटा वजन म्हणून. वाळेपर्यंत पंखा बंद, झाडू बंद, स्टोव्ह बंद, भांडण बंद. कोणी घाई केली की आत्या रॉबर्ट कापा यांचा दाखला द्यायची. ६ जून १९४४, नॉर्मंडीचा किनारा, समोरून गोळीबार, आणि कापा दोन कॉन्टॅक्स घेऊन पाण्यात उतरलेले. लंडनला पोचलेले त्यांचे रोल कोणीतरी घाईने वाळवले, उष्णतेने वितळले, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके फोटो उरले. आता अभ्यासक या कथेवर शंका घेतात, फिल्म तशी वितळतच नाही म्हणतात. घ्या बापडे. आमच्या घरात त्या कथेने अनेक रोल वाचवले.

आत्याला आणखी एक आधार सापडला होता. कात्रे स्वतः फोटो धूत नसत! ते काम पॅरिसात पिएर गासमान यांच्या प्रयोगशाळेत व्हायचं. म्हणजे नाव कात्र्यांचं आणि हायपोने हात सोलायचे दुसऱ्याचे, असं ती भाऊकाकाकडे बघत म्हणायची. भाऊकाका त्यातलं सोयीचं तेवढं ऐकायचा.

खतावणीत सगळ्यांत जास्त पानं कात्र्यांची होती आणि घरात सगळ्यांत जास्त गोष्टीही त्यांच्याच. मुळात चित्रकार व्हायला निघालेला माणूस, आंद्रे लोत यांच्याकडे शिकलेला. विशीच्या सुरुवातीच्या वर्षांत मार्सेयमध्ये लायका हातात आली आणि मग ती हाताला चिकटलीच. भिंग बहुतेक वेळा एकच, पन्नास मिलिमीटरचं. कॅमेऱ्याचा चकचकीत भाग उन्हात चमकून लोकांचं लक्ष जाऊ नये म्हणून त्यावर काळी चिकटपट्टी लावलेली. हे वाचल्यावर भाऊकाकाने याशिकाच्या चंदेरी डोक्यावर विजेच्या वायरला लावतात ती काळी पट्टी गुंडाळली. आजोबांनी तो कॅमेरा बघितला आणि दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. एवढी महागाची वस्तू आणि तिला मलमपट्टी!

पुढे १९४० मध्ये जर्मन सैन्याने कात्र्यांना पकडलं. त्याआधी त्यांनी लायका व्होज भागातल्या एका शेतात पुरून ठेवली. दोनदा पळायचा प्रयत्न फसला, तिसऱ्यांदा, १९४३ मध्ये सुटले, आणि कॅमेरा उकरून काढला. इथे आजीने पहिल्यांदा त्यांच्याविषयी आदर दाखवला. पुरून ठेवण्याइतकी वस्तूची किंमत कळणारा माणूस! आमच्याकडे पूर्वी दागिने पुरायचे, ती म्हणाली, पण त्यावर तुळशीवृंदावन तरी बांधायचे. ह्याने खूण काय ठेवली? भाऊकाकाला ते माहीत नव्हतं. इकडे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला वाटलं, हा मनुष्य युद्धात गेला. त्यांनी त्याच्या स्मरणार्थ प्रदर्शन भरवायचं ठरवलं. तर हा जिवंत! स्वतःच्या श्राद्धाला स्वतः हजर राहून त्याने फोटो निवडायला मदत केली. १९४७ साली ते प्रदर्शन झालं. त्याच वर्षी त्यांनी, कापांनी आणि आणखी दोस्तांनी मिळून मॅग्नम ही छायाचित्रकारांची संस्था काढली आणि कात्रे हिंदुस्थानात आले.

यापुढचं पान खतावणीत उघडलं की घरात आवाज कमी व्हायचा. ३० जानेवारी १९४८ च्या दुपारी कार्तिए-ब्रेसाँ दिल्लीला बिर्ला हाऊसमध्ये गांधीजींना भेटले. न्यूयॉर्कच्या त्या प्रदर्शनाचं पुस्तक त्यांनी सोबत नेलं होतं. गांधीजींनी पानं सावकाश उलटली. एका फोटोशी थांबले. कवी पॉल क्लोदेल आणि शेजारून जाणारी शववाहक गाडी. त्याविषयी विचारलं. ब्रेसाँ निरोप घेऊन निघाले, आणि थोड्याच वेळात प्रार्थनेला जाताना गोळ्या झाडल्या गेल्याची बातमी त्यांच्या कानी आली. ते परत फिरले. बिर्ला हाऊसच्या फाटकाशी, रात्रीच्या अंधूक दिव्यात, लोकांना ती बातमी सांगणारे नेहरू त्यांनी टिपले. फोटो हललेला आहे, भुरभुरीत आहे, दिव्याचा फटकारा आलेला आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याने असा फोटो परत केला असता. भाऊकाका म्हणायचा, इथे फ्लॅश मारला असता तर चेहरा आला असता आणि रात्र गेली असती.

त्याच दिवसांत दिल्लीत मार्गारेट बर्क-व्हाइटही होत्या. चरख्याजवळ बसून वाचणाऱ्या गांधीजींचा फोटो आपण सगळ्यांनी शाळेच्या भिंतीवर पाहिला आहे, तो १९४६ मधला त्यांचा. त्या फोटोआधी त्यांना सूत कातायला शिकावं लागलं होतं आणि परवानगी होती फक्त तीन फ्लॅशबल्बची. त्यातले पहिले दोन वाया गेले. पण गांधीजींच्या पार्थिवापाशी त्यांनी फ्लॅश उडवला तेव्हा शोकात बसलेल्या मंडळींना तो सहन झाला नाही, त्यांना बाहेर जावं लागलं. बाई कसबी, धाडसी, त्यात वादच नाही. पण मोठा कॅमेरा आणि लखलखाट यांना काही दारं बंद असतात. आरसा आपटण्याचा आवाज नसलेला, तळहातात मावणारा, अंधारातही जुळवता येणारा कॅमेरा तिथे दाराच्या आत राहू शकला.

असो. आमच्या भाऊकाकाला या पानाने एकच शिकवलं, फ्लॅश वापरायचा नाही. याशिकात दोन दिवे होते. उजेड फार झाला तर लाल, कमी पडला तर पिवळा. पिवळा लागला की कॅमेऱ्याचा पडदा बराच वेळ उघडा राहणार, हात हलला की संपलं. आमच्या घरातले निम्मे फोटो पिवळ्यातले. "पिवळा लागलाय, श्वास धरा!" भाऊकाका भिंतीला टेकून स्वतःही श्वास धरायचा. सत्यनारायणाला जमलेली अख्खी बैठक श्वास रोखून बसलेली, आणि मधे गुरुजी मंत्र म्हणत हलणारे. गुरुजी प्रत्येक फोटोत धुकं झाले आहेत.

न्यूयॉर्कच्या वॉकर एव्हन्स यांचंही पान होतं. त्यांनी १९३८ पासून तीनेक वर्षं हिवाळ्यात भुयारी रेल्वेत समोरच्या प्रवाशांचे फोटो काढले, कोणाला न कळता. कॉन्टॅक्सचा चंदेरी भाग काळा रंगवलेला, कॅमेरा कोटाच्या आत, भिंग दोन बटणांच्या फटीतून डोकावणारं, कळीची तार बाहीतून हातात. भाऊकाकाने हे चर्नी रोडच्या लोकलमध्ये करायचं मनावर घेतलं. पण मुंबईत कोट घालणार कोण? त्याने रेनकोट घातला, तोही फेब्रुवारीत. डब्यातल्या प्रत्येक माणसाने त्याच्याकडेच पाहिलं. ते फोटो अजून आहेत. सगळे सरळ कॅमेऱ्यात बघतायत, चिंतेने.

आजोबांची आणखी एक अढी होती, जपानी माल तकलादू. ती अढी अमेरिकन माणसाने सोडवली. 'लाइफ'चे डेव्हिड डग्लस डंकन १९५० मध्ये टोकियोत होते. जून मिकी या तरुण जपानी छायाचित्रकाराने निक्कोरच्या भिंगाने त्यांचा फोटो काढला, आणि तो बघून डंकन चाटच पडले. कारखान्यात गेले, भिंगं तपासली, आपल्या लायकांना जपानी भिंगं लावली आणि कोरियाच्या युद्धावर निघाले. तिथले फोटो बघून जग जपानी काचेबद्दल बोलायला लागलं. भाऊकाकाने हे वाचून दाखवलं तेव्हा आजोबा एवढंच म्हणाले, "म्हणजे डोकं जर्मन आणि डोळा जपानी." तेव्हापासून याशिकाला आजोबांकडून कपाटात वरचा कप्पा मिळाला. तो रिकामाच राहिला ही गोष्ट वेगळी.

सतत खांद्यावर असलेल्या वस्तूला सतत काहीतरी होतं. कातडी केसची शिवण आमच्या चांभाराने तीनदा उसवून परत घातली; दोऱ्याचा रंग प्रत्येक वेळी वेगळा. गळ्यातला पट्टा गेला, तर रेक्झिनच्या पिशवीचा बंद आला. अंगावरचं काळं कातडं सुटलं, ते सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशनने बसलं. मग एकदा कॅमेरा गॅलरीच्या कठड्यावरून आत, म्हणजे सुदैवाने आत पडला, आणि दोनाचं एक होईना. एक नाक वर, एक नाक खाली. तेव्हा फोर्टमधला बोरा बाजार. तिथे कॅमेरे दुरुस्त करणारे मेस्त्री बसतात, सोनाराच्या हत्यारांनी काम करतात. त्यांनी वरचं झाकण काढलं, दोन सूक्ष्म स्क्रू दाखवले, एक आडव्या चुकीचा, एक उभ्या चुकीचा. रस्त्यावर येऊन लांबच्या इमारतीच्या टोकावर नेम धरायचा, जरासा स्क्रू, परत नेम, परत जरासा. घरी आल्यावर खातरजमा चौपाटीवर. क्षितिजावरच्या बोटीची डोलकाठी एक दिसते की दोन, हे पाहायला आम्ही सगळे रांगेत. भेळ त्याच खर्चात.

पण खरी दुरुस्ती आत्याची. वयोमानाने आतल्या आरशाचा मुलामा उडाला आणि पिवळा चौकोन इतका फिका झाला की दोन माणसं आहेत हेच कळेना. मेस्त्री म्हणाले आरसा बदला, आरसा मिळत नव्हता. आत्याने समोरच्या बघायच्या खिडकीवर, बरोबर मध्यावर, आपली काळी टिकली चिकटवली. सरळ येणारं दृश्य मध्यावर अडलं, दुसऱ्या खिडकीतून आलेलं उठून दिसायला लागलं. पुढे कळलं की जुन्या कॅमेऱ्यांवर जगभरचे जाणकार हाच इलाज काळ्या पट्टीच्या तुकड्याने करतात. आत्याला कोणी सांगितलं नव्हतं. टिकली झिजली की नवी. कॅमेऱ्याला कुंकू लागलं, असं आजीने जाहीर केलं.

माझ्या मते आमच्या घरातला सर्वांत चांगला डोळा आत्याचाच होता. तिची स्वतःची मंडळी वेगळी. होमाई व्यारावाला यांचा फोटो तिने खतावणीत स्वतः लावला होता. नवसारीला १९१३ साली जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या, जे. जे.मध्ये शिकलेल्या; सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून येत. मग दिल्लीला जाऊन, साडी नेसून, जड कॅमेरे उचलून त्यांनी स्वातंत्र्याचा सगळा काळ टिपला, 'डालडा १३' या नावाने. ३० जानेवारीला त्या बिर्ला हाऊसला जायला निघाल्या होत्या आणि परत फिरल्या, याची हळहळ त्यांना कायम राहिली. त्यांचा रोलायफ्लेक्स रेंजफाइंडर नव्हे, वरून खाली मान घालून बघायचा. भाऊकाका त्यामुळे त्यांना आपल्या जातकुळीत घ्यायला कुरकुर करायचा. आत्या म्हणायची, "दादा, धुणी धुणाऱ्या बाईला जात विचारू नये." पद्मविभूषण मिळालं त्यांना, २०११ मध्ये. आत्याने त्या दिवशी चाळीत पेढे वाटले, ओळखदेख काही नसताना.

आत्याने भाऊकाकाच्या नकळत काढलेला एक रोल आहे, सार्वजनिक नळाचा. पहाटेची रांग, कळश्या, हंडे, कोणाचा अर्धवट वेणीत राहिलेला कंगवा, कोणाची खांद्यावरची पेंगणारी पोर. वरच्या मजल्यावरून, पिवळा लागलेला असताना काढलेले. नळावरच्या बायकांना कळलं तेव्हा रणकंदन झालं. असल्या अवतारात फोटो? लगेच सगळ्यांना उभं करून, शालू-पैठण्या नेसवून, दुपारी परत फोटो काढावे लागले, नळासकट. दोन्ही रोल आमच्याकडे आहेत. चाळ पडायच्या आधी जुने शेजारी भेटायला यायचे तेव्हा पैठणीतल्या फोटोची प्रत कोणी मागितली नाही.

मोठी भावंडं कॉलेजात गेली आणि होस्टेलच्या भिंतीवर चे गव्हेरा आला. भाऊकाका तिथे गेला असताना पोस्टर बघून म्हणाला, हा लायका एम टू, नव्वदचं भिंग. पोरं बघतच राहिली. त्यांना चे माहीत होता, आल्बेर्तो कोर्दा नव्हता. ५ मार्च १९६० ला हवानात शोकसभा चालू होती, चे क्षणभर पुढे आला, कोर्दाने दोनदा कळ दाबली. वर्तमानपत्राने त्या दिवशी तो फोटो छापलाच नाही. बरीच वर्षं स्टुडिओच्या भिंतीवर टांगलेला राहिला, मग पोस्टर झाला, मग टी-शर्ट, मग चहाचा मग.

मग हॉटशॉट कॅमेरे आले. बघा, दाबा, खटॅक. जुळवायला काही नाही, चुकायला काही नाही, श्वास धरायला काही नाही. चाळीत घरटी एक झाला. याशिकाचा पाऱ्याचा सेल मिळेनासा झाला आणि आजोबांच्या माघारी, त्यांच्या इच्छेप्रमाणे, तो वरच्या कप्प्यात गेला. भाऊकाकाला शेवटी कोणीतरी वाचून दाखवलं की कार्तिए-ब्रेसाँ यांनी उतारवयात फोटो जवळजवळ सोडून दिले, परत चित्रं काढायला लागले आणि लायका घरातल्या तिजोरीत ठेवली. भाऊकाका बराच वेळ पंख्याकडे बघत पडला होता. म्हणाला, "म्हाताऱ्याने तिकडेही पत्र पाठवलेलं दिसतंय."

बार्नाकचा स्वतःचा लायका, सुरुवातीच्या प्रयोगातला, २०२२ मध्ये लिलावात गेला, एक कोटी चव्वेचाळीस लाख युरोंना. बातमी आली तेव्हा आमच्या चुलतभावंडांच्या गटात एकदम याशिकाची चौकशी सुरू झाली. कोणाला तो काचेच्या शोकेसमध्ये हवा होता, आतून दिवा लावून. कोणी म्हणालं, पट्टी आणि टिकली काढून पॉलिश केला तर शोभेल. हे शोकेसवाले मला मनापासून आवडत नाहीत. जगभर त्यांनी चालते कॅमेरे विकत घेऊन मुके करून ठेवलेत. वाटण्या झाल्या त्या अशा: खतावणी पुण्याला, अल्बम बोरिवलीला, नेगेटिव्हांचा बिस्किटाचा डबा आणि कॅमेरा आत्याकडे. आत्याने अट घातली, ज्याच्या हातात भरलेला रोल असेल त्याला कॅमेरा मिळेल, फुकट बघायला मिळणार नाही.

भाच्याने अट पुरी केली. चार बटणसेल एकावर एक, भोवती कागदाची सुरळी, उरलेल्या जागेत चॉकलेटची चांदी. दिवा लागला, तोही पिवळाच. गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत तो पोरगा डोळा मिटून दोनाचं एक करत उभा होता आणि भोवती हजार मोबाइल. रोल आत्याने धुतला, नव्या घराच्या बाथरूममध्ये, फ्रिजच्या बर्फावर. सोनाराचं भिंग घेऊन पट्टी खिडकीशी धरून एकेक चौकट तपासली. नथ, फेटे, बुलेटवरच्या बायका, ढोल, ढोलामागे रस्त्यावर बसून केळं खाणारा एक ढोलवाला. त्याच्यावर तिने लाल पेन्सिलीने गोल केला, बाकीच्यांना नुसतं हं म्हणाली. मग विचारलं, रोल केवढ्याला पडला? आकडा ऐकून तिने भिंग खाली ठेवलं. पुढच्या वेळी इंदूचा आण म्हणाली. ऊटीचा कारखाना केव्हाच बंद पडला असं सांगितल्यावर जरा विचार केला.

"मग जर्मन आण. पण छत्तीसचा आण हो. चोवीसच्या रोलवर मी बर्फ खर्च करणार नाही."